पाहिल्याशिवाय जागा कळते कशी, आणि त्यात यंत्राचा वाटा किती

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. डोळ्यांना काहीच दिसत नसताना माणसाला आजूबाजूची जागा मुळात कळते कशी, हा पहिला. दुसरा तुमच्या धाकट्या भावाचा: त्याची दृष्टी अलीकडेच पूर्ण गेली आहे, तो घराबाहेर पडत नाही, तर त्याच्यासाठी सेन्सरची काठी घ्यावी, कॅमेऱ्याचा चष्मा घ्यावा की फोनवरची ॲप पुरेत? दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो. मी दृष्टिहीनांना मोबिलिटी शिकवतो, म्हणजे काठी घेऊन एकट्याने ठरलेल्या ठिकाणी सुखरूप पोचायला शिकवतो. त्यामुळे उत्तर काठीकडे झुकलेलं वाटेल. तसं ते आहेच.

डोळस माणूस दारात उभा राहिला की खोली त्याला एकदम मिळते. अंध माणसाला तीच खोली तुकड्यातुकड्यांनी मिळते. आधी उंबरठा, मग पावलांच्या आवाजावरून छताच्या उंचीचा अंदाज, उजव्या हाताला लागलेली खुर्चीची पाठ, पुढे कुठेतरी चालू असलेला पंखा. हे तुकडे एकापाठोपाठ एक येतात आणि ते डोक्यात धरून जोडावे लागतात. यावरून पुष्कळ लोक समजतात की अंध माणसाच्या डोक्यात नकाशा नसतोच, फक्त 'इतकी पावलं, मग डावीकडे' अशी पाठ केलेली यादी असते. हे खरं नाही. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जन्मांध, जेमतेम अडीच वर्षांच्या मुलीला खोलीत आईपासून तीन वेगवेगळ्या जागांपर्यंत नेऊन परत आणलं गेलं. नंतर त्या तीन जागांमधल्या, कधीच न चाललेल्या वाटांवरूनही ती योग्य दिशेने गेली. १९९३ मध्ये लूमिस, क्लॅट्स्की, गोलेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना त्रिकोणाच्या दोन बाजू चालवून नेलं आणि तिसरी बाजू स्वतः चालून सुरुवातीच्या जागी यायला सांगितलं. जन्मांध, नंतर अंध झालेले आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेले डोळस या तिन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. चुका सगळ्यांनीच केल्या. यातले रेजिनाल्ड गोलेज हे भूगोलाचे प्राध्यापक, आणि त्यांची स्वतःची दृष्टी ऐन कारकिर्दीत गेली होती.

तेव्हा नकाशा बनवण्याची ताकद डोळ्यांत नसते. डोळा त्या नकाशाला माल पुरवतो, आणि तो भराभर पुरवतो, एवढंच. दुसऱ्या वाटांनी येणारा माल हळू येतो, थोडा येतो, आणि त्यातला बराचसा कानातून येतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे यंत्रांचा हिशेब याच्यावरच करायचा आहे.

डोळे गेले की कान आपोआप तीक्ष्ण होतात, ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. एका कानाने आवाजाची दिशा ओळखण्यात लहानपणापासून अंध असलेले काही लोक डोळसांपेक्षा सरस ठरल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. पण ओळीने तीन आवाज ऐकवून 'मधला आवाज पहिल्याच्या जवळचा की तिसऱ्याच्या' असं विचारलं, तर तिथे जन्मांध मंडळी मागे पडलेलीही दिसली आहेत. तुमच्या भावाला यातून घ्यायचं ते इतकंच, की त्याचे कान उद्या सकाळी जादूने बदलणार नाहीत. जे बदलेल ते सरावाने बदलेल. त्याची एक जमेची बाजूही आहे. रस्ता कसा असतो, चौक कसा असतो, इमारतीचं दार साधारण कुठे असतं, हे त्याने पाहिलेलं आहे. उशिरा दृष्टी गेलेल्यांना या जुन्या साठ्याचा फार उपयोग होतो. अडचणही त्यातूनच येते: सगळं चित्र डोळ्यांपुढे उभं राहीपर्यंत पाऊल उचलायचंच नाही, असा हट्ट सुरुवातीला बहुतेकांचा असतो.

आता भिंतीचं. अनेक अंध लोक सांगतात की भिंत जवळ आली की चेहऱ्यावर, कपाळावर काहीतरी दाब जाणवतो. जुन्या काळी याला चेहऱ्याची दृष्टीच म्हणत. १९४०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात डॅलनबाक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याचा छडा लावला. चेहरा झाकला तरी माणसं भिंतीआधी थांबत होती. कान बंद केले की थेट भिंतीवर जात होती. चेहऱ्यावर वाटणारा तो दाब प्रत्यक्षात कानातून आलेला होता, आणि ज्यांना तो वाटत होता त्यांनाच हे ठाऊक नव्हतं.

हे घडतं ते असं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. भिंत एक मीटरवर असेल तर तुमच्या पावलाचा आवाज तिच्यावर आपटून सुमारे ६ मिलिसेकंदांत परत येतो. एवढ्या कमी वेळात आलेला प्रतिध्वनी वेगळा ऐकूच येत नाही. तो मूळ आवाजात मिसळतो आणि त्याचा पोत बदलतो. आवाज किंचित आवळल्यासारखा, भरल्यासारखा होतो. भिंत संपून मोकळी जागा आली की तोच आवाज सैल होतो. बंद दारांच्या लांब बोळातून चालताना एखादं दार उघडं असेल तर ते असं 'ऐकू' येतं. तुम्हीही करून बघा. डोळे मिटून स्स्स असा आवाज सतत काढत तळहात तोंडासमोर आणा आणि दूर न्या. फरक पहिल्याच खेपेला कळतो.

काही जण यासाठी मुद्दाम आवाज करतात. टाळूवर जीभ आपटून टक्क असा छोटा, धारदार आवाज काढायचा आणि परत काय येतं ते ऐकायचं. अमेरिकेतले डॅनियल किश हे याचे सर्वांत प्रसिद्ध जाणकार. डोळ्यांच्या कर्करोगामुळे वर्षभराचे असतानाच त्यांचे दोन्ही डोळे काढावे लागले होते. २०११ मध्ये अशा कसलेल्या लोकांना त्यांच्याच टकटकीचे प्रतिध्वनी ऐकवून मेंदूचे स्कॅन घेतले, तेव्हा एरवी दृष्टीसाठी वापरला जाणारा मेंदूचा मागचा भाग जागा झालेला दिसला. आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० आठवड्यांच्या शिकवणीने अंध आणि डोळस, तरुण आणि म्हातारे, सगळ्यांनाच हे कमी-अधिक जमलं. म्हणजे हे कौशल्य दैवी नाही. पण त्याची मर्यादा कुणी सांगत नाही ती मी सांगतो: पुढचा खड्डा, खाली जाणारी पायरी, पदपथाची कड यांच्यावर असा भरवसा ठेवता येत नाही. समोर उभ्या वस्तूवरून आवाज परततो. जिथे जमीनच संपते तिथून परत यायला काही नसतं. बारीक खांबावरूनही फार थोडं परत येतं. किश स्वतः काठी वापरतात.

कानाला आणखी एक गोष्ट कळते, आवाजाची सावली. रस्त्याच्या कडेने चालताना वाहनांचा आवाज क्षणभर दबला आणि पुन्हा मोकळा झाला, तर मध्ये काहीतरी उभं होतं. कितीतरी वेळ दबलेला राहिला तर ते लांबलचक होतं, बहुधा थांबलेली बस. सतत एका बाजूला वाहणारी रहदारी तर आमच्यासाठी सोन्यासारखी. तिला समांतर राहिलं की चालण्याची रेघ सरळ राहते. सरळ चालणं ही सोपी गोष्ट नाही. २००९ च्या एका प्रयोगात डोळ्यांवर पट्टी बांधून मोकळ्या जागेत सरळ चालायला सांगितलेली माणसं चक्क गोल फिरली, काहींच्या वर्तुळाचा व्यास तर जेमतेम २० मीटर होता, आणि आपण सरळच चाललो असं त्यांना वाटत होतं. त्यामुळे मोठं मोकळं मैदान किंवा विस्तीर्ण पार्किंग अंध माणसाला सर्वांत अवघड जाते. डोळस नातेवाइकांना हे पटायला वेळ लागतो. त्यांना वाटतं मोकळी जागा म्हणजे सुरक्षित जागा. मोकळ्या जागेत धरायला काठ नसतो. भिंत, कुंपण, गवत आणि फरशीची सीमा असा कुठलातरी काठ काठीने चाचपत जाणं, हे आम्ही अगदी सुरुवातीच्या धड्यांतच शिकवतो. जपानच्या सेइइची मियाके यांनी बनवलेल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेलेल्या खडबडीत फरशा म्हणजे जिथे काठ नाही तिथे मुद्दाम घातलेला काठ. लांब पट्ट्या असल्या तर चालत राहा, गोल उंचवटे आले तर थांबा.

पावसाचं उगीच वाईट बोललं जातं. जोराचा पाऊस रहदारी झाकतो हे खरं. पण हलका पाऊस पत्र्यावर, पानांवर, फरशीवर वेगवेगळा वाजतो आणि एरवी गप्प असलेल्या वस्तूही बोलायला लागतात. वारा मात्र नको. वारा दिशा पुसून टाकतो.

आता काठी. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी लांब काठीची पद्धत बसवली, तोपर्यंत अंध माणसाची काठी आखूड असायची आणि ती मुख्यतः ओळख म्हणून किंवा आधार म्हणून असायची. हूवर यांची काठी छातीपर्यंत पोचणारी, हलकी आणि चाचपण्यासाठी होती. ती खांद्यांपेक्षा थोड्या रुंद कमानीत डावीकडे-उजवीकडे फिरते. डावा पाय पुढे जाताना टोक उजवीकडे, उजवा जाताना डावीकडे. ज्या जागी पुढचं पाऊल पडणार आहे ती जागा एक पाऊल आधी तपासली जाते. यात बॅटरी लागत नाही, आणि काठी कधी चुकीचं उत्तर देत नाही, फार तर कमी देते. शिवाय ती जमिनीचा पोत, उतार, पोकळपणा हातात आणून देते आणि तिचा टकटकाट त्या सगळ्या प्रतिध्वनींना आवाजही पुरवतो. तिची खरी उणीव एकच: कंबरेच्या वर ती आंधळी आहे. झुकलेली फांदी, उघडी राहिलेली खिडकी, ट्रकचा मागचा भाग, भिंतीतून पुढे आलेली पेटी. आमच्या लोकांच्या कपाळावरच्या खुणा बहुतेक याच्याच असतात.

सेन्सरच्या काठीचं काम इथे सुरू होतं. ही कल्पना नवी नाही. लेस्ली के यांनी १९६० च्या दशकातच माणसाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींवर चालणारं हातात धरायचं उपकरण बनवलं, पुढे त्याचा चष्माही निघाला. आयआयटी दिल्लीत तयार झालेली स्मार्टकेन याच तत्त्वावर चालते: नेहमीच्या काठीच्या मुठीवर बसवायची, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीतले अडथळे तीन मीटरपर्यंत टिपते आणि हाताला थरथरीने कळवते. तिची दिशा मला बरोबर वाटते, दोन कारणांनी. ती काठीची जागा घेत नाही, काठीची उणीव भरते. आणि ती कानाला हात लावत नाही, मुठीतून सांगते. तरी गर्दीत ती सतत थरथरत राहते आणि पाच मिनिटांत माणूस तिकडे लक्ष देणं सोडतो. गर्दीत तिला कमी पल्ल्यावर ठेवणं किंवा सरळ बंद करणं, हेही शिकवावं लागतं.

फोनवरची नकाशाची ॲप वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतात. पायापुढे काय आहे हे त्यांना ठाऊक नसतं. आपण साधारण कुठे आहोत आणि कुठल्या बाजूला जायचं हे सांगतात. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून पायी चालणाऱ्याला त्याचा खरा उपयोग व्हायला लागला. तरी मोकळ्या आकाशाखालीही फोनची चूक साधारण पाच मीटरची धरायची, उंच इमारतींमध्ये त्याहून जास्त. पाच मीटर ही डोळस माणसासाठी क्षुल्लक गोष्ट आहे, तो मान वर करून दार शोधतो. अंध माणसासाठी पाच मीटर म्हणजे रस्त्याची पलीकडची बाजू. ॲप 'तुम्ही पोचलात' म्हणतं तिथून खरं काम सुरू होतं, आणि ते काठीने, हाताने, ऐकून आणि चक्क कुणालातरी विचारून पूर्ण करावं लागतं. आणखी एक बारकावा: उभ्याउभ्या जीपीएसला तुमचं तोंड कुठे आहे ते कळत नाही. ते फोनच्या होकायंत्रावरून ठरतं, आणि जवळ लोखंड असलं की होकायंत्र बहकतं. म्हणून सुरुवातीला चार पावलं टाकून मगच ॲपचं डावं-उजवं ऐकायचं.

यातलं मला सर्वांत आवडलेलं काम मायक्रोसॉफ्टच्या साउंडस्केपचं. २०१८ मध्ये आलेलं हे ॲप 'डावीकडे वळा' असा हुकूम सोडत नसे. इच्छित ठिकाणी जणू एक आवाज करणारा दिवा बसवलाय, आणि तो त्या दिशेने ऐकू येत राहतो, अशी त्याची रीत होती. वाट माणसाने स्वतः शोधायची. २०२३ मध्ये कंपनीने ते बंद केलं आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला. त्यावरून दुसऱ्यांनी ॲप बनवली. माझ्या काही विद्यार्थ्यांचा तेव्हा चांगलाच खोळंबा झाला. तेव्हापासून मी कुणालाही एकाच ॲपवर रोजचा रस्ता टांगू देत नाही.

कॅमेऱ्याची गोष्ट तिसरी. बी माय आइज या सेवेत २०१५ पासून डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर पाहून सांगतात. २०२३ पासून त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्राचं वर्णन करून घेण्याची सोयही आली. तुम्ही म्हणता तो चष्मा याच जातीचा. पाटी वाचायला, दारावरचा क्रमांक बघायला, औषधाची बाटली ओळखायला, दोन सारख्या दिसणाऱ्या दारांतलं कुठलं आपलं ते ठरवायला हे उत्तम आहे, मी सगळ्यांना शिकवतो. चालताना मात्र नाही. वर्णन यायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात माणूस तितकेच मीटर पुढे गेलेला असतो. वरून हे यंत्र चुकलं तरी त्याच आत्मविश्वासाने बोलतं. थांबा, विचारा, ऐका, कॅमेरा बाजूला ठेवा, मग चाला. 'आता रस्ता ओलांडू का' हा प्रश्न त्याला कधीही विचारायचा नाही.

दृष्टीच्या जागी दुसरं इंद्रिय बसवणारी उपकरणंही आहेत. १९६९ मध्ये पॉल बाख-इ-रिटा यांनी खुर्चीच्या पाठीत ४०० कंपक बसवून कॅमेऱ्याचं चित्र पाठीच्या त्वचेवर उमटवलं होतं, आणि सरावाने लोक त्यातून वस्तू ओळखायला लागले. पीटर मेयर यांच्या 'व्हॉइस' पद्धतीत, जी १९९२ पासून आहे, चित्र डावीकडून उजवीकडे आवाजात वाचलं जातं: वर असेल तर चढा सूर, उजळ असेल तर मोठा. विज्ञान म्हणून विलक्षण. तुमच्या भावासाठी आज नको, कारण त्याला महिनोन्‌महिने मेहनत लागते, आणि आवाजाची पद्धत ज्या कानांवर रस्ता ओलांडायचा आहे तेच कान अडवते.

यंत्र निवडायची माझी कसोटी हीच. ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतं, आणि त्या बदल्यात कुठलं इंद्रिय भाड्याने घेतं? कानात इअरफोनची बोंडं घालून ॲपच्या सूचना ऐकत चालणारा माणूस मला काठीशिवाय चालणाऱ्याइतकीच काळजी लावतो. हाडांतून आवाज पोचवणारे, कान उघडे ठेवणारे हेडफोन वापरावेत, तेही सूचना येतील तेवढ्यापुरते. आता विजेच्या गाड्या हळू चालताना जवळपास निःशब्द असतात. युरोपीय संघाने २०२१ पासून सर्व नव्या विजेच्या गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत मुद्दाम आवाज करण्याची सक्ती केली आहे, ती उगीच नाही.

मार्गदर्शक कुत्र्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. कुत्रा अडथळे उत्तम चुकवतो. रस्ता त्याला ठाऊक नसतो, तो मालकालाच ठाऊक असावा लागतो. म्हणजे तिथेही आधी हेच सगळं शिकावं लागतं.

भावासाठी मी असा क्रम ठेवीन. आधी साधी, न घडी होणारी लांब काठी. घडीच्या काठीचे सांधे जमिनीची थोडी माहिती गिळतात, ती पुढे प्रवासाला घ्या. उंची निदान छातीच्या हाडापर्यंत, आणि शक्य असेल तर फिरणाऱ्या गोट्याचं टोक. ती प्रशिक्षकाकडून शिकायची, घरच्यांकडून नको. घरचे लोक काठी अडखळायच्या आधीच हात धरतात आणि शिकणं तिथेच थांबतं. एकच छोटा रस्ता पक्का करायचा, पण जाताना आणि येताना वेगवेगळा शिकायचा, कारण उलट दिशेने तो नवाच रस्ता असतो. वाटेत न हलणाऱ्या खुणा निवडायच्या: उतार, लोखंडी झाकण, भिंतीचा कोपरा. वास आणि उभी वाहनं यांना खूण मानायचं नाही, मिळाली तर मिळाली. याच दिवसांत घरी बसून फोनचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, बोटांत मुरवायचा. चौकात उभं राहून तो शिकता येत नाही. काठी अंगवळणी पडली की नकाशाचं ॲप. त्यानंतरही कपाळ आपटत असेल तर सेन्सर, आणि तो विकत घेण्याआधी त्याच्या रोजच्या रस्त्यावर काही दिवस वापरून बघायला मागा. दुकानातल्या शांततेत प्रत्येक सेन्सर हुशार वाटतो.

तुमच्याकडूनही दोन गोष्टी हव्यात. त्याच्याबरोबर चालताना त्याचा दंड धरून ढकलू नका, त्याला तुमचं कोपर धरू द्या; तुम्ही अर्धं पाऊल पुढे राहता, आणि पायरी वर आहे की खाली ते त्याला तुमच्या हातावरून कळतं. आणि 'इकडे', 'तिकडे', 'सांभाळून' हे शब्द सोडा. 'सांभाळून' ऐकून तो जागच्या जागी गोठतो, कारण कशापासून ते कळत नाही. 'थांब, पुढे एक पायरी खाली आहे', 'खुर्ची तुझ्या डाव्या हाताला, दोन पावलांवर', असं बोला.